विरजण लावायचं राहिलं

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी रात्री आमच्या सेलूच्या घरी सगळ्यांनी मिळून एक पिक्चर बघितला, आणि तो संपल्यावर पाचच मिनिटांत आत्या "विरजण लावायचं राहिलं" म्हणत उठून आत गेली. घडलं ते एवढंच. कुणाचा आवाज चढला नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या, मुखवटे धुऊन पुसून पेटीत गेले, पाहुणे आपापल्या एस्टीनं गेले, मीही पुण्याला परतले. पण ते वाक्य काही मला सोडेना. कारण विरजण लावलेलं होतं. आरतीच्या आधी मीच लावलं होतं. दूध जास्त गरम तर नाही ना म्हणून करंगळी बुडवून बघायला आत्यानंच सांगितलं होतं आणि पातेल्याभोवती जुनं लुगडं तिनंच गुंडाळलं होतं.

ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्यांना त्या रात्रीचा शीण वेगळा सांगायला नको. पहिली पंगत उठेपर्यंत दुपारचे चार वाजलेले. पुरणाचा आणि तुपाचा वास भिंतींत मुरलेला. सोळा भाज्यांपैकी चार-पाच उरलेल्या, आंबिलीच्या पातेल्याच्या तळाशी सायीसारखा थर. बैठकीत सतरंज्या टाकलेल्या, त्यावर वीसेक माणसं जिथं जागा मिळेल तिथं लवंडलेली. पंख्याच्या वाऱ्यानं महालक्ष्म्यांच्या डोक्यावरचा फुलोरा हलत होता, करंज्या आणि पुऱ्या एकमेकींवर हळूच आपटत होत्या. टीव्हीवर 'दम लगा के हईशा' लागलेला होता. मी म्हटलं, राहू द्या हाच, चांगला आहे. आत्या दाराजवळच्या खांबाला टेकून फुलवाती करत बसली होती. ती नेहमी दाराजवळच बसते. कुणी पाणी मागितलं तर तिला उठायला बरं पडतं, असं आम्ही सगळे समजून चालतो.

मी हा पिक्चर आला तेव्हाच, २०१५ च्या मार्च महिन्यात, मैत्रिणींबरोबर पुण्यात बघितला होता. १९९५ चं हरिद्वार. दहावीला इंग्रजीत उडालेला, बापाच्या कॅसेटच्या दुकानात बसणारा प्रेम. त्याच्या गळ्यात घरच्यांनी बांधलेली संध्या, बी.एड. झालेली, अंगानं भरलेली. भूमी पेडणेकरचा तो पहिला सिनेमा, आणि त्यासाठी तिनं मुद्दाम वजन वाढवलेलं. थिएटरात लोक पहिला अर्धा तास संध्याच्या शरीराला हसत होते. मग मित्राच्या लग्नात प्रेम दारू पिऊन तिच्याबद्दल नको ते बोलतो आणि ती चारचौघांत त्याच्या मुस्काटात देते, तेव्हा तेच लोक एकदम गप्प झाले होते. ती शांतता मला अजून आठवते. शेवटची बायकोला पाठीवर घेऊन पळायची शर्यत मात्र मला तेव्हा पटली नव्हती. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर मी तासभर भांडले होते, की एका शर्यतीत उचललं म्हणून आधीचं सगळं फिटलं का? पुढं त्या पिक्चरला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातल्या एका गाण्यासाठी वरुण ग्रोवर आणि मोनाली ठाकूर यांनाही मिळाला. तरी माझं मत जागचं हललं नव्हतं.

सेलूच्या बैठकीत तोच पिक्चर वेगळा निघाला. आमच्याकडं पिक्चर मुकाट्यानं बघायची रीत नाही. प्रत्येक सीनला कुणीतरी बोलणार, आणि बोलणं पिक्चरबद्दल कमी, ओळखीच्या माणसांबद्दल जास्त. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. प्रेमचं इंग्रजी निघालं तसे ते उठूनच बसले. "इंग्रजीत उडालेली अशी किती पोरं माझ्या हाताखालून गेली. हुशार होती. एका विषयानं जन्माला पुरलं त्यांना." काका मोंढ्यात अडतीवर होते. त्यांचं लक्ष शर्यतीत. "पोतं पाठीवर कुठं बसवायचं ते कळलं पाहिजे. मानंच्या खाली बसलं तर क्विंटल पण जातं. हा पोरगा चुकीचं धरायलाय, कंबर जाईल त्याची." आईला सगळ्यांत भावलं ते संध्याचं बी.एड. "पोरगी शिकलेली होती म्हणून वकिलाकडं गेली. नसती शिकलेली तर रडत बसली असती सासरी." चुलतभावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सीडीच्या जमान्यात कॅसेटचं दुकान बुडायला लागतं तिथं तो म्हणाला, "हे खरं दाखवलंय," आणि पुढं बराच वेळ काही बोलला नाही. कॉलेजातल्या भाचीला राग आला होता तो आम्ही मोठी माणसं सुरुवातीला हसलो त्याचा. नवरा-बायको बोलत नाहीत, नुसती टेपवर गाणी लावून एकमेकांशी भांडतात, तो सीन लागला तेव्हा मात्र बैठकीतला एकूण एक माणूस हसला. महालक्ष्म्यांसमोरच्या समया तेवत होत्या आणि सगळं घर हसत होतं. मला फार बरं वाटलं त्या क्षणी.

संपल्यावर मी एकेकाला विचारत सुटले, कसा वाटला, कसा वाटला. मला सवयच आहे ती. आणि काकू जांभई देत म्हणाली, "सगळं बरंय, पण ती बुआ मेली लई खवचट. असली एक बाई घरात येऊन बसली, की कुणाचाच संसार धड होत नाही बघा."

पंखा तेवढा वाजत होता.

पिक्चरमधली बुआ म्हणजे प्रेमच्या बापाची बहीण. नवऱ्यानं सोडलेली, भावाच्या घरी राहणारी, नव्या सुनेला टोचून बोलणारी. शीबा चड्ढानं केलंय ते काम. काकूनं ते आत्याला उद्देशून म्हटलं नव्हतं, हे मी देवापुढं हात ठेवून सांगेन. काकू आणि आत्या तीस वर्षं एका चुलीशी उभ्या आहेत. आत्याला टायफॉइड झाला तेव्हा काकू सतरा दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी होती. तिच्या तोंडून ते निघालं कारण तिला त्या बुआत आत्या दिसलीच नाही. आम्हाला कुणालाच दिसली नाही. फुलवातीची जुडी पदरात गोळा करत आत्या उठली आणि म्हणाली, "विरजण लावायचं राहिलं." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी बैठकीतल्या प्रत्येकाला विचारलं होतं, भाचीच्या सहा वर्षांच्या भावाला सुद्धा विचारलं होतं. आत्याला विचारलं नव्हतं.

आत्या आमच्याकडं आली ती किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षीच्या दिवाळीत, १९९३ साली. मी सात वर्षांची होते. आजी तेव्हा माळवदाखाली झोपायला तयार नव्हती, तिची बाज अंगणात टाकलेली असायची, आणि त्या बाजेवर एका पहाटे आजीच्या कुशीत आत्या झोपलेली दिसली. पायाशी हिरवी पत्र्याची पेटी. मला वाटलं, दिवाळीला आली. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, पेटी तिथून उचलून मधल्या खोलीत गेली आणि तिथंच राहिली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. काय झालं, कुणाचं चुकलं, हे आमच्या घरात मी आजपर्यंत कुणाच्या तोंडून सरळ ऐकलेलं नाही. 'सोडली' हा शब्द आमच्याकडं उच्चारत नाहीत. पाहुण्यानं विचारलं तर म्हणायचं, "ती इथंच असते." वर्तमानकाळातलं हे एक वाक्य तीस वर्षं पुरलंय. घटस्फोट झाला नाही. पिक्चरमध्ये संध्या कोर्टात जाते, न्यायाधीश सहा महिने एकत्र राहायला सांगतात, गोष्टीला निदान वळण तरी मिळतं. आत्याच्या गोष्टीत कोर्टच आलं नाही. तिच्या गळ्यात अजून काळी पोत आहे, कपाळाला कुंकू आहे, आणि महालक्ष्म्यांना सवाष्ण सांगायची वेळ आली की दरवर्षी आई शेजारणीकडं जाते. पुरण आत्याच्या हातचं. ते वाटताना तिच्या मनगटाची शीर वर आलेली असते. पाटावर बसते ती शेजारीण, ओटी भरली जाते तिची. हे मी लहानपणापासून बघत आले आणि त्यात काही चुकतंय असं मला अगदी परवापरवापर्यंत वाटलं नाही. मी टपरीवर तासभर भांडले होते हरिद्वारच्या एका मुलीसाठी.

आणखी एक सांगायला हवं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सगळं खोटं होईल. आजोबा २००९ मध्ये गेले. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा देणारा कायदा केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळलेल्या होत्या. आत्याचं लग्न १९९१ चं, म्हणजे ती त्यात बसत नव्हती. २००५ मध्ये केंद्राचा कायदा बदलला आणि ती अट गेली. आजोबा गेले तेव्हा शेतात अण्णा-काकांच्या बरोबरीनं तिचा हिस्सा निघत होता. पुढच्या वर्षी तिनं हक्कसोड पत्रावर सही केली. अख्ख्या मराठवाड्यात बहिणी करतात तशीच केली. कुणी दमदाटी केली नाही. अण्णा म्हणाले, "उगं कागदाला कागद नको, आपण काय वेगळे आहोत का?" आत्या म्हणाली, "दादा, कुठं करायची सांग." चांगलं इरकल नेसून ती गेली, कचेरीच्या बाहेर रसवंतीवर सगळ्यांनी उसाचा रस घेतला आणि परत येऊन तिनं संध्याकाळचा स्वयंपाक केला. त्या जमिनीतलं एक एकर विकून माझं लग्न झालं. अण्णा माझ्या ओळखीतले सगळ्यांत भले गृहस्थ आहेत. ही दोन्ही वाक्यं मला शेजारी शेजारी ठेवावी लागतात आणि दर वेळी ठेवताना हात अडखळतो.

पिक्चरमधल्या बुआला लोक खवचट म्हणतात तेव्हा मला वाटतं, ती निदान बोलून तरी दाखवते. आमची आत्या खवचट नाही. ती गोड आहे, सगळ्यांची लाडकी आहे, घरातल्या कुठल्याही पोराला विचारा. पण सगळ्यांना कायम गोड लागत राहण्यात माणसाची किती ताकद जात असेल? नवी सून आली की तिच्या ताटात पहिली पोळी, पोराला रागावलं की त्याच्या बाजूनं पहिला शब्द, कुठल्याही भांडणात मत नाही. आईनं एखादं पातेलं जरा जोरात ठेवलं की आत्या आपसूक पुढची दोन कामं हातात घेते. मी हे बघितलेलं आहे. त्याला काय म्हणायचं ते मला सुचत नव्हतं, तो पिक्चर बघेपर्यंत.

पुण्यात परत आल्यावर मला राहून राहून आठवायला लागलं ते मात्र वेगळंच काही. कॅसेट. आत्या आली तेव्हा पेटीत दोन लुगडी आणि एक टू-इन-वन होता. त्या काळी आमच्याकडं स्टँडच्या बाजूला कॅसेटचं एक दुकान होतं, तिथं गाणी भरून मिळायची. कोरी कॅसेट घ्यायची, गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी जाऊन आणायची. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. यादी नीट केली नाही तर शेवटचं गाणं अंतऱ्यातच कट व्हायचं, आणि आत्याला ते अजिबात खपायचं नाही. ती रेडिओवर गाणं लागलं की भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत वहीत वेळ लिहून ठेवायची. चार मिनिटं दहा सेकंद. पाच मिनिटं चाळीस. मग बेरजा करून अशी यादी लावायची, की तीस मिनिटं संपायला आणि गाणं संपायला गाठ पडावी. हळूहळू गल्लीतल्या सगळ्यांच्या याद्या तिच्याकडं यायला लागल्या. लग्नघरच्या, बारशाच्या, पेंडीच्या दुकानदाराच्या. मी यादी घेऊन जायची, आणि दुकानातला माणूस कागद उलगडायच्या आधी नुसतं अक्षर बघून म्हणायचा, "तुझ्या आत्याची यादी का? मग बघायला नको." तिचं अक्षर टपोरं, शिरोरेघ एकसारखी. कॅसेटच्या आतल्या पुठ्ठ्यावर ती पेन्सिलीनं आधी रेघा मारायची, मग शाईनं लिहायची आणि वाळल्यावर रेघा खोडून टाकायची. पुढं सीडी आल्या, दुकान बंद झालं, तिथं आता झेरॉक्स आणि रिचार्ज मिळतो. वही कुठं गेली देव जाणे.

दिवाळीत गेले तेव्हा ठरवूनच गेले होते. पिक्चर फोनमध्ये घेतला होता. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घर पेंगत असताना मी माळवदावर गेले. आत्या उन्हात कापूस पसरून सरक्या काढत बसली होती, आमच्या शेतातला, त्या वर्षीच्या पहिल्या वेचणीचा. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आत्या, तुला तो पिक्चर कसा वाटला होता? मी त्या दिवशी विचारलंच नाही." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "चांगला होता की." मी फोन काढला. घरून येतानाच मी बुआचे सीन कुठं कुठं आहेत ते मिनिटांसकट बघून ठेवले होते. एक लावला, दुसरा लावला. माझ्या मनात सगळं लिहून तयार होतं. आत्या आता बोलेल, तीस वर्षांचं साचलेलं सांगेल, मी ऐकून घेईन, काकूच्या वतीनं माफीसुद्धा मागेन.

तिसऱ्या सीनला तिनं फोनवर हात ठेवला. कापसाचे तंतू चिकटलेला हात.

"मला ही कामून दाखवायलीस?"

मला काही बोलता येईना. बाजूच्या घरात कुणीतरी फटाक्याची माळ लावली, ती संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो.

"काकू बोलली म्हणून वाईट वाटलं असेल तुला, असं वाटलं," मी शेवटी म्हणाले.

"वाटलं की. नाही कशाला म्हणू." तिनं एक सरकी काढून वाटीत टाकली. "पण तू पण तेच करायलीस. पिक्चर दोन तासांचा, त्यात काय काय होतं, आणि तुला माझ्यासाठी तेवढीच सापडली." रागावून नाही म्हणाली. पिठात मीठ कमी पडलंय हे सांगताना ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात म्हणाली. माझे कान तापले. काकूला तिच्यात बुआ दिसली नाही, याचं मला एवढं वाईट वाटलं होतं. मला मात्र बुआशिवाय दुसरं काही दिसलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "नाव काय गं तिचं?"

"कुणाचं? बुआचं? नयनतारा."

"नयनतारा," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, जरा सावकाश. "चांगलं नाव ठेवलंय." आणि मला जाणवलं, की आजी गेल्यापासून आमच्या घरात आत्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. अण्णा ताई म्हणतात, आई वन्सं म्हणते, आम्ही सगळे आत्या. पोस्टमन सुद्धा आत्याच म्हणतो.

कापूस तिनं फडक्यात बांधला, गाठ मारली, हात पदराला पुसले. "आता पहिल्यापासून लाव," ती म्हणाली. "मधून मधून नको. नीट लाव."

मी पहिल्यापासून लावला. ऊन पायांवरून सरकत कठड्याकडं गेलं. फोन मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि उजेडामुळं नीट दिसत नव्हतं म्हणून तिनं त्यावर पदराची सावली धरली होती. दुकान आलं. फळ्यांवर कॅसेटच कॅसेट, काउंटर, मागं टेप. आत्या पुढं वाकली, इतकी की तिचं कपाळ माझ्या कपाळाला लागलं.

"थांबव. थांबव. त्यांच्यावर काय लिहिलंय ते बघू दे."

मी थांबवलं. काहीच वाचता येत नव्हतं, पडदा एवढासा. मी बोटांनी मोठं करून बघितलं तर सगळं आणखीच पुसट झालं.

"चष्मा आणते, थांब," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देत उठून जिन्यानं खाली गेली. मी फोन तसाच धरून बसले. खाली डबा उघडल्याचा, मिटल्याचा आवाज आला, आई काहीतरी म्हणाली, त्यावर आत्या म्हणाली, "वहिनी, चहा तुम्हीच ठेवा आज, मी वर पिक्चर बघायलेय." मग जिन्यावर पुन्हा तिची पावलं वाजली.